इंटर्न आणि नर्सिंगच्या मुलांना हातचं काम शिकवायचं कसं? स्किल लॅब, लॉगबुक आणि वॉर्ड

वॉर्ड नंबर सात (धागाकर्ता)

२०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला. स्किल लॅब (पुतळ्यांवर सराव करायची खोली) सक्तीची झाली, लॉगबुक (केलेल्या कामांच्या नोंदींची वही) आलं. २०२१-२२ पासून बीएस्सी नर्सिंगला सेमिस्टर पद्धत आली आणि तिथेही सिम्युलेशनचे (खऱ्या पेशंटऐवजी पुतळ्यावर वा नाटकातून सरावाचे) तास ठरवून दिले गेले. कागदावर सगळं छान. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी लॅबला कुलूप, किल्ली स्टोअरकीपरकडे, पुतळे प्लॅस्टिकच्या आवरणात आणि लॉगबुकं मात्र सह्यांनी भरलेली. तपासणी पथक येणार असलं की आवरणं निघतात.

आता प्रश्न. आठवड्याला दोन तास. शिकवायला दोन माणसं, एक डॉक्टर आणि एक नर्सिंग ट्यूटर. समोर पंचवीस इंटर्न आणि नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचे तीस विद्यार्थी. दोन मोठे पुतळे, एक बाळाचा, सलाईनचा एक रबरी हात. एवढ्यात काय शिकवावं, कोणत्या क्रमाने, आणि खरंच जमलं की नाही हे ओळखायचं कसं? दोघांना एकत्र शिकवावं की वेगवेगळं?

फी, सीट, सरकार यांवर इथे नको. त्याला वेगळा धागा काढा.

तिरकस

'सरकारवर नको' म्हटलंय, म्हणजे पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत आपण निवडणुकीवर पोचणार. खुर्ची टाकून बसलोय.

भूलथाप

सगळं शिकवायला जाऊ नका. सलाईन लावणं, रक्त घेणं, कॅथेटर, ड्रेसिंग ही रोजची कामं. ती लॅबमध्ये एकदा नीट दाखवा आणि वॉर्डात कोणाच्या तरी नजरेखाली पक्की होऊ द्या. जे क्वचित येतं पण चुकलं की माणूस जातो, ते पुतळ्यावर घोटून घ्या. माझ्या यादीत पहिलं नाव अँबू बॅगचं (हाताने दाबून पेशंटला श्वास द्यायची पिशवी).

बॅग दाबणं सोपं वाटतं म्हणून कोणी शिकवत नाही. प्रौढांची बॅग साधारण दीड लिटरची असते, पेशंटला एका वेळी लागते ५०० ते ६०० मिली हवा. म्हणजे पूर्ण पिळायचीच नाही, छाती जेमतेम उचललेली दिसली की थांबायचं. घाबरलेला इंटर्न दोन्ही हातांनी पिळतो आणि मिनिटाला तीस-चाळीस वेळा. हवा पोटात जाते, पोट फुगतं, पेशंट उलटी करतो आणि ती फुप्फुसात उतरते. नाडी लागतेय पण श्वास नाही, अशा मोठ्या माणसाला सहा सेकंदांना एक श्वास पुरतो. मनात आकडे मोजायला लावा, घड्याळाकडे बघून नाही जमत.

दुसरी चूक मास्कची. मास्क चेहऱ्यावर खाली दाबला की हनुवटी मागे जाते आणि हवेची वाट तिथेच बंद होते. मास्कला चेहऱ्यावर दाबायचं नसून जबडा मास्ककडे उचलायचा. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली. बोटं हाडाखाली हवीत, हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली तर जीभ वर ढकलली जाते. हात लहान असेल, पेशंटला दाढी असेल किंवा दात नसतील, तर सरळ दोघांनी करायचं: एकाने दोन्ही हातांनी मास्क, दुसऱ्याने बॅग. हा दुसरा माणूस वॉर्डात बहुतेक वेळा सिस्टरच असते. त्यामुळे एकत्र की वेगळं, हा प्रश्न माझ्यापुरता इथेच सुटतो.

आणि इंटर्नशिपच्या ५२ आठवड्यांत भूलशास्त्राचे २ आहेत. मुलं ते सुट्टीसारखे काढतात. ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या लिस्टमध्ये, भूल दिल्यावर ट्यूब टाकण्याआधीची दोन-तीन मिनिटं मास्क धरायला यासारखी जागा नाही. भूलतज्ज्ञ शेजारी, मॉनिटर चालू, फुकट शिकवणी.

केसपेपर

भूलथाप, सगळं मान्य, पण इंटर्न येणार नाहीत. त्यांच्यासमोर नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा आहे. २०० प्रश्न, साडेतीन तास, चुकीला एक मार्क वजा. मास्क कसा धरायचा याला तिथे शून्य मार्क. मुलगा वॉर्डात सही करून लायब्ररीत जातो, त्यात त्याची अक्कल कमी नाही. व्यवस्था ज्याला मार्क देते ते तो करतो. तुम्ही पुतळा सोन्याचा आणला तरी काही फरक पडणार नाही.

तिरकस

सोन्याचा आणला तर निदान किल्ली तरी सांभाळून ठेवतील.

जेआर टू

@केसपेपर, अर्धं खरं. उरलेलं अर्धं ऐका. इंटर्न म्हणजे रक्ताच्या बाटल्या लॅबला पोचवणारा, एक्सरे आणणारा, रेफरन्सची चिठ्ठी घेऊन तीन मजले चढणारा माणूस. दिवसाला रक्ताची वीस कलेक्शन करतो, पण त्यातलं एकही कोणी बघत नाही. चुकीची सवय वीस वेळा केली की ती पक्कीच होते. टूर्निके (दंडाचा पट्टा) दोन-दोन मिनिटं आवळून ठेवणं, सिरिंजची सुई न काढता बाटलीत जोरात रक्त सोडणं, मग नमुन्यातल्या रक्तपेशी फुटतात, पोटॅशियम खोटं जास्त येतं आणि रात्री दोनला आम्ही नसलेल्या पोटॅशियमवर उपचार करत बसतो.

बाटल्या नेण्याचं काम मामांकडे (वॉर्डबॉयकडे) गेलं तर त्यातूनच शिकायला रोज तासभर मिळेल. वेगळा वेळ शोधायची गरज नाही.

परिसेविका

डॉक्टरांच्या मुलांची कैफियत झाली, आता आमची. नर्सिंगच्या मुलींना सकाळच्या पाळीत बेड करणं, ऑब्झर्वेशनचे तक्ते भरणं आणि डिस्चार्ज पेशंटला गेटपर्यंत सोडणं. औषधाच्या ट्रॉलीला हात लावू देत नाहीत, कारण 'चुकलं तर जबाबदार कोण'. मग पास होऊन स्टाफ म्हणून लागल्या की पहिल्याच रात्रपाळीला चाळीस पेशंट आणि किल्ल्यांचा जुडगा हातात.

त्यामुळे माझ्या यादीत पहिलं काम औषधाचं गणित. दोन उदाहरणं रोज फळ्यावर घालावीत अशी.

इन्सुलिन: आपल्याकडे बाटलीत बहुधा १ मिलीला ४० युनिट असतं, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० ची आणि केशरी टोपणाची १०० ची. ऑर्डर २० युनिट. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने '२०' पर्यंत ओढलं तर पेशंटला मिळाले फक्त ८ युनिट. उलट १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये '२०' पर्यंत ओढलं तर गेले ५० युनिट. पहिल्यात साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात, आणि पाळी बदलून कोणी बरोबर सिरिंज घेतली की साखर एकदम उतरून पेशंट घामाघूम.

मॅग्नेशियम सल्फेट: ५० टक्के, २ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम. गरोदर किंवा बाळंत बाईला येणाऱ्या झटक्यांसाठी शिरेतून ४ ग्रॅम म्हणजे ४ अँप्यूल, ८ मिली. त्यात १२ मिली डिस्टिल्ड वॉटर, एकूण २० मिली, म्हणजे २० टक्क्यांचं द्रावण, सावकाश, किमान पाच मिनिटं. शिवाय दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोल स्नायूत. मुलींना 'चार मॅग द्या' अशी तोंडी ऑर्डर समजते, पण चार काय? ग्रॅम, अँप्यूल की मिली? ऑर्डर ग्रॅममध्ये हवी आणि परत म्हणून दाखवायची.

काढाचिराईत

मी या क्षेत्रातला नाही. पण वाचून पुढच्या वेळी दवाखान्यात गेलो की टोपणाचा रंग बघणार. 😬

सुईणबाई

@परिसेविका ताई, एक भर. शिरेतून ४ अधिक स्नायूत १० हे जिथे डॉक्टर आणि सोय आहे तिथलं. उपकेंद्रावर आरोग्यसेविकेला फक्त स्नायूतले १० ग्रॅम देऊन गाडीत घालायचं शिकवलेलं असतं. विद्यार्थ्यांना दोन्ही सांगा, नाहीतर रेफर होऊन आलेल्या बाईला इथे पुन्हा पूर्ण डोस पडतो. चिठ्ठीवर वेळ आणि ग्रॅम आहेत का ते आधी बघायचं. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी: गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतोय, श्वास मिनिटाला १६ च्या वर, मागच्या चार तासांत लघवी किमान १०० मिली. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, त्याच ट्रेमध्ये पडलेलं हवं. कपाटात असून उपयोग नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा सराव लॅबमध्ये करूच नका. लेबर रूममध्ये करा, त्याच टेबलावर, त्याच ट्रेवर, शक्यतो रात्रपाळी सुरू होताना. लॅबमध्ये सगळं हाताशी मांडलेलं असतं, त्यामुळे सगळे पास होतात. लेबर रूममध्ये केलं की कळतं, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध) फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवलंय हे बरोबर, पण फ्रिजची किल्ली इनचार्ज सिस्टरच्या कपाटात आणि त्या दुपारी चारला घरी गेल्या. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड (रक्तस्राव आटोक्यात आणणारं औषध) फार्मसीतून आणावं लागतं आणि फार्मसी तळमजल्यावर. मोठ्या कॅन्युलाच्या (शिरेत ठेवायच्या नळीच्या) डब्यात बारीक निळ्या आणि पिवळ्याच आहेत, जाड हिरवी आणि राखाडी संपली. या गोष्टी कुठल्याही लेक्चरमध्ये सापडत नाहीत.

सराव असा: एक मुलगी पेशंट होऊन झोपते. पोटाखाली लाल पाण्याची पिशवी, नळी हातात. एकजण घड्याळ घेऊन फक्त वेळा लिहितो. आणखी एकजण नातेवाईक होऊन दारात आरडाओरडा करतो (हा भाग मुलं फार मनापासून करतात). लिहायच्या वेळा: मदतीला हाक कधी मारली, गर्भाशय चोळायला कधी घेतलं, ऑक्सिटोसिन कधी गेलं, दुसरी शीर कधी मिळाली, ट्रॅनेक्सॅमिक १ ग्रॅम कधी सुरू झालं. ते दहा मिनिटांत द्यायचं आणि बाळंतपणापासून तीन तासांच्या आत.

रक्त डोळ्यांनी मोजायचं नाही. नजरेला ते नेहमी कमी दिसतं. खुणांची पिशवी असलेलं ड्रेप (पेशंटखाली अंथरायचं कापड) असेल तर उत्तम. नसेल तर भिजलेले पॅड वजनकाट्यावर ठेवा, कोऱ्या पॅडचं वजन वजा करा, १ ग्रॅम म्हणजे १ मिली. बाळाचा काटा तिथे असतोच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासाचं सार हेच होतं. रक्त मोजून लवकर ओळखा, आणि मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक, सलाईन, तपासणी हे एकामागून एक वाट न बघता एकत्रच सुरू करा.

भूलथाप

सुईणबाईंना दंडवत. फ्रिजच्या किल्लीचा मुद्दा फ्रेम करून लावा.

केसपेपर

लेबर रूममध्ये खरे पेशंट कळा देत असताना नाटक करायचं? आमच्याकडे एका टेबलावर दोघी अशी परिस्थिती असते.

सुईणबाई

गर्दी असेल तर करू नका, दुसऱ्या दिवशी करा. आठ मिनिटांचं काम आहे. सुरुवातीला मोठ्याने सांगायचं, 'हा सराव आहे'. आणि खरी इमर्जन्सी आली तर कोणीही 'सराव थांबला' म्हणायचं, पहिल्या वर्षाच्या मुलीनेसुद्धा. सरावाची औषधं वेगळ्या डब्यात, मोठ्या अक्षरात 'सरावासाठी' लिहून, संपल्यावर मोजून परत. सरावाच्या पाण्याने भरलेली सिरिंज खऱ्या ट्रेमध्ये राहणं हा या पद्धतीतला सगळ्यात मोठा धोका आहे.

थेम्सकाठी

इंग्लंडातून. इथल्या नर्सिंग कौन्सिलच्या नियमात विद्यार्थ्याने २३०० तास प्रत्यक्ष कामात शिकायचं असतं, त्यातले ६०० पर्यंत सिम्युलेशनमधले चालतात. त्या काळात विद्यार्थी वॉर्डच्या मनुष्यबळात धरत नाहीत. तो आला नाही तर वॉर्ड अडता कामा नये. शिकवणारा एक आणि पास करणारा दुसरा, ही विभागणीही आहे. औषधाच्या गणिताच्या परीक्षेत १०० टक्के मिळाल्याशिवाय रजिस्ट्रेशन नाही. ९५ टक्के म्हणजे नापास, कारण उरलेले पाच टक्के कोणत्या तरी पेशंटच्या शिरेत जाणार.

आपल्याकडून येणाऱ्या नर्सेसना इथे ओस्की द्यावी लागते, म्हणजे एकेका टेबलावर (स्टेशनवर) एकेक काम करून दाखवायची परीक्षा, दहा स्टेशनं. त्या अडतात त्या ज्ञानात नाही. हात न धुता पडदा ओढतात, पेशंटला नाव आणि जन्मतारीख विचारत नाहीत, अ‍ॅलर्जी विचारत नाहीत, किंवा निर्जंतुक वस्तूच्या नेमक्या टोकाला बोट लावतात. सगळ्या पायऱ्या येतात, पण त्या मोठ्याने म्हणून करायची सवय नसते.

परिसेविका

थेम्सकाठी, तिथला नियम इथे वाचला की हसू येतं. इथे विद्यार्थिनी आल्या नाहीत तर वॉर्ड अडतोच, म्हणून तर त्यांना सोडत नाहीत. मनुष्यबळात धरलेलं नसतं आणि धरलेलं असतंही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. तिथे नर्सिंग कॉलेजच्या शिक्षिका वॉर्डाच्याही जबाबदार असतात, शिकवणं आणि सेवा एकाच छत्राखाली. आपल्याकडे कॉलेजची मॅडम वेगळी, वॉर्डाची सिस्टर वेगळी. मॅडम पुस्तकातली पद्धत सांगतात, सिस्टर म्हणतात 'ते कॉलेजात, इथे असं करायचं', आणि पोरगी परीक्षेपुरती एक पद्धत आणि ड्युटीपुरती दुसरी शिकते. धागाकर्त्याने ट्यूटरबरोबर दर महिन्याला एक अधिपरिचारिका लॅबमध्ये आणली तरी हे भांडण बरंच मिटेल.

निवृत्त मास्तर

जमलं की नाही हे कसं ओळखायचं, या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो.

ओस्की ही पद्धत स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडली. आपण ती उचलली आणि तिचा तक्ता करून टाकला. बारा स्टेशनं, प्रत्येकी पाच मिनिटं, एक मिनिट बदलायला, म्हणजे ७२ मिनिटांत बारा मुलं. हिशेब सुटसुटीत आहे. घोळ चेकलिस्टमध्ये होतो. वीस ओळी, प्रत्येकीला अर्धा मार्क. मग मुलगा 'नमस्कार, माझं नाव अमुक' म्हणून, हात धुऊन, हातमोजे घालून, शेवटी 'धन्यवाद' म्हणून निम्मे मार्क घेतो आणि मधे पुतळ्याची छाती एकदाही उचलली जात नाही. तो पास!

यावर उपाय म्हणजे प्रत्येक स्टेशनला दोन किंवा तीन पायऱ्या 'हुकली की स्टेशन गेलं' अशा ठरवायच्या. छातीदाबाला खोली ५ ते ६ सेंमी आणि वेग १०० ते १२० यांतलं एक जरी नाही तर बाकीचं मोजायचंच नाही. इंजेक्शनला सुई टोचून झाल्यावर पुन्हा टोपण घातलं की स्टेशन गेलं. सुई थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. स्वतःला टोचलीच तर धुवा, कळवा आणि एचआयव्हीपासून बचावाचं औषध तातडीने, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. मुलांना हेही 'इंजेक्शन देणे' याच कौशल्याचा भाग म्हणून शिकवा, वेगळं लेक्चर नको.

लॉगबुकाबद्दल. सही ही गोष्टच चुकीची विचारलेली आहे. 'केलं' आणि 'येतं' यांत फरक. सहीच्या जागी तीन रकाने करा: दाखवावं लागलं, मधे सांगावं लागलं, एकट्याने केलं. त्यापुढे तारीख आणि कोणती पायरी सांगावी लागली ते दोन शब्दांत. एका दिवशी पस्तीस सह्या मारणाऱ्याला पस्तीस वेळा दोन शब्द लिहायचा कंटाळा येतो. आळसाचा एवढा उपयोग दुसरा नाही.

तिरकस

मास्तर, आळस कमी लेखू नका. पस्तीसही ठिकाणी 'मास्क धरणे' असं लिहून शिक्का बनवून घेतील.

केसपेपर

मास्तरांचा रकाना आवडला. पण 'हुकली की स्टेशन गेलं' हे इंटर्नशिपला लावायचं असेल तर पूर्णत्वाचा दाखला अडवायचा अधिकार लागतो. तो कोण वापरणार? पालकांचा फोन येतो, प्रमुखांचा फोन येतो, संध्याकाळी सही होते.

जेआर टू

दाखला कशाला अडवायचा? ज्याने मास्कचं स्टेशन काढलं नाही त्याला कॅज्युअल्टीच्या दोन आठवड्यांत एकट्याने रेड एरियात (अत्यवस्थ पेशंटच्या भागात) ठेवायचं नाही, एवढंच. कागद अडत नाही. आणि मुलांना ते लागतं. कॅज्युअल्टीत सगळ्यांसमोर 'तू अजून सोबतीने कर' हे मार्कांपेक्षा जास्त बोचतं.

काढाचिराईत

एक भाबडा प्रश्न. डॉक्टर चुकीची ऑर्डर देतोय असं सिस्टरला दिसलं तर ती बोलते का? आम्ही बाहेर बसून हेच धरून चालतो की कोणीतरी बोलेल.

परिसेविका

मोठी सिस्टर नव्या हाऊसमनला (वॉर्डातल्या ज्युनियर डॉक्टरला) बोलते. 'डॉक्टर, एकदा डोस बघता का?' असं गोड आवाजात, म्हणजे त्याने ओळखायचं. विद्यार्थिनी बोलत नाही. सर रागावतील, मॅडम म्हणतील आगाऊ.

म्हणूनच एकत्र सराव हवा, आणि त्यात मुद्दाम चूक पेरायची. शिकवणाऱ्या डॉक्टरने सरावात ठरवून दहापट डोस सांगायचा आणि बघायचं कोण अडवतं. अडवायची वाक्यं तयार द्यावी लागतात, ऐनवेळी सुचत नाहीत. पहिल्यांदा: 'सर, मला या डोसची काळजी वाटतेय.' ऐकलं नाही तर: 'सर, थांबा. आपण दोघं मिळून अँप्यूल वाचू.' तरीही नाही तर: 'मी हे देणार नाही, वरच्या डॉक्टरांना बोलावते.' मुली पहिलं वाक्य कुजबुजतात. तिसरं म्हणेपर्यंत तीन-चार सराव जातात. इंटर्नलाही 'थँक्यू सिस्टर, बघू' म्हणायचा सराव लागतो, त्यालाही ते आपोआप येत नाही.

पाळी बदलताना आणि फोनवर सांगतानाची पद्धतही याच तासात: मी कोण, पेशंट कोण, आत्ता काय झालं, मागे काय होतं, मला काय वाटतं, तुम्ही काय करायला हवं. शेवटचं सगळ्यात जास्त गळतं. 'सर, पेशंटचं बीपी ८० आहे' एवढं सांगून फोन ठेवतात. 'सर, तुम्ही आत्ता बघायला या' हे म्हणायचंच राहतं.

भूलथाप

याला जोडून सरावानंतरच्या चर्चेबद्दल. आठ मिनिटं सराव असेल तर पंधरा मिनिटं बोलणं. पहिला प्रश्न 'कोणाचं चुकलं' हा नाही. 'तिसऱ्या मिनिटाला तुला काय दिसत होतं?' असा विचारा. बहुतेक वेळा निघतं की मॉनिटर त्याच्या पाठीमागे होता, किंवा दोघांना वाटलं दुसऱ्याने हाक मारली. 'कोणीतरी सलाईन लावा' हे वाक्य बंद. नाव घेऊन सांगायचं, आणि ज्याला सांगितलं त्याने 'लावतोय' आणि मग 'लागलं' असं परत सांगायचं. मोबाइलवर चित्रण केलं तर चर्चा संपताच सगळ्यांसमोर खोडा. एक जरी क्लिप ग्रुपवर गेली की पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

वॉर्ड नंबर सात

मंडळी, भरभरून मिळालं. आतापर्यंतचं धरून माझी पहिली निवड: अँबू बॅग, छातीदाब, बाळाचा पहिला मिनिट, रक्तस्राव, झटके, औषधाचं गणित, फोनवर सांगणं. सात विषय. पण पंचावन्न माणसं आणि दोन तास हे गणित अजून सुटत नाही. एका पुतळ्याभोवती पंचवीसजण उभे राहिले तर मागचे मोबाइल बघतात.

निवृत्त मास्तर

सुटतं. दोन तासांचे वीस-वीस मिनिटांचे सहा तुकडे करा. टेबलं दोन, शिकवणारे दोन, म्हणजे बारा जागा. पंचावन्नांचे पाच-पाचचे अकरा गट, प्रत्येकात दोन किंवा तीन इंटर्न आणि उरलेले नर्सिंगचे. बारावी जागा मागच्या आठवड्यात बुडालेल्यांची. प्रत्येकाला वर्षभर दर आठवड्याला वीस मिनिटं. ज्याला अभ्यास करायचाय त्याचा अख्खा दिवस जात नाही, त्यामुळे @केसपेपर यांची तक्रारही जराशी बोथट होते. वर्षातून एकदा दिवसभराची कार्यशाळा, चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्र यापेक्षा हे केव्हाही बरं. छातीदाबासारखं कौशल्य तीन-सहा महिन्यांत उतरणीला लागतं, थोडं थोडं आणि वारंवार यालाच ते टिकतं.

वीस मिनिटांत चार पायऱ्या बसवा. एकदा न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवा. दुसऱ्यांदा पायरीपायरीने सांगत. तिसऱ्यांदा विद्यार्थी सांगेल आणि तुम्ही तो सांगेल तेवढंच कराल. इथे सगळ्यात मजा येते, कारण 'मास्क लावा' म्हटलं की उलटा लावायचा. चौथ्यांदा तो स्वतः करेल. पहिल्या तीन पायऱ्या गटाला एकदाच, आठ मिनिटांत. उरलेल्या बारा मिनिटांत पाचजण, प्रत्येकी दोन मिनिटं, एक करतो तेव्हा दुसरा चेकलिस्ट वाचतो. पुढच्या आठवड्यात तोच विषय, सरळ चौथ्या पायरीपासून.

सुईणबाई

बाळाच्या टेबलावर एक सूचना. बाळाची बॅग वेगळी, जादा दाब सोडणारी झडप आहे का बघून घ्या. बॅगच्या तोंडावर तळवा दाबून बॅग दाबली तर झडप उघडल्याचा आवाज यायला हवा, तो नसेल तर झडप चिकटली आहे किंवा कोणीतरी बोटाने दाबून ठेवलीय. वेग मिनिटाला ४० ते ६०, 'दाबा, दोन, तीन' असं म्हणत. पुसणं, गुंडाळणं, मान सरळ, तरीही श्वास नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग सुरू. मुलं पाय चोळण्यात आणि सक्शन करण्यात तो मिनिट घालवतात. आणि छाती उचलत नसेल तर आधी मास्क आणि मान परत बघायची. जोर सगळ्यात शेवटी वाढवायचा.

थेम्सकाठी

महागडे पुतळे नाहीत म्हणून अडू नका. फोमच्या तुकड्याखाली सलाईनची जुनी नळी लाल पाण्याने भरून ठेवली की कॅन्युलाचा हात तयार. टाके घालायला केळीची साल किंवा चिकनचा पाय. फोलीच्या (लघवीच्या नळीच्या) टोकाला कंडोम दोऱ्याने बांधून सलाईनने फुगवणं, ही बांगलादेशात डॉ. सायेबा अख्तर यांनी आणलेली रक्तस्राव थांबवायची युक्ती, तीही टेबलावर शिकवता येते. २५० ते ५०० मिली भरून गळतं का बघायचं. बहुतेकांचं दोऱ्यापाशी गळतं, कारण घाबरून गाठ फोलीच्या नळीच्या भोकावर मारतात.

तिरकस

चिकनचा पाय लॅबमध्ये आला की सोमवारी-गुरुवारी हजेरी घटणार, बुधवारी वाढणार. वेळापत्रकात हे धरा.

बायोमेडवाला

पुतळे आम्ही दुरुस्त करतो म्हणून चार गोष्टी. पुतळ्यावर बीटाडिन लावू नका, डाग जात नाही. बॉलपेनने खुणा करू नका, शाई रबरात मुरते. सलाईनच्या हातातलं लाल पाणी दर वेळी पूर्ण काढून नळ्यांत हवा मारा, नाहीतर पंधरा दिवसांत काळी बुरशी धरते आणि हात फेकावा लागतो. बॅटरीचे सेल वापर झाला की काढून ठेवा. कुलपात वर्षभर पडलेल्या पुतळ्यांचे सेल गळून आतलं सर्किट खातात, 'वापरलाच नाही तरी बिघडला' ही तक्रार बहुतेक वेळा तीच. तोंडाचा भाग प्रत्येकानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा. छातीतली फुप्फुसाची पिशवी स्वस्त असते, वर्षाची एकदम मागवा. ती फाटली की छाती उचलत नाही आणि पोरं बिचारी स्वतःला दोष देत बसतात.

केसपेपर

पिशव्या मागवायला इंडेंटवर (मागणीपत्रावर) सही कोणाची लागते?

बायोमेडवाला

विभागप्रमुखांची. 'उपभोग्य साहित्य' या शीर्षात टाका, 'उपकरण' म्हणून टाकलं तर निविदा लागते आणि मग पुढच्या बॅचलाच मिळतात.